खेळाडू, गुरू आणि वक्ता

विद्यार्थ्याच्या आयुष्यात खेळाला किती स्थान असावे, या प्रश्नाचा निकाल आपल्याकडे बहुधा एकाच तागडीत तोलून लाविला जातो. त्या खेळाने पुढे पोट भरेल काय, एवढेच विचारावयाचे. उत्तर नकारार्थी आले की बॅट माळ्यावर जाते. होकारार्थी येण्याची थोडी आशा दिसली की पुस्तके माळ्यावर जातात. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही गावांतून आमच्या शाळेत मुले येतात, आणि ही दोन्ही टोके आमच्या नित्य पाहण्यात आहेत. एका घरी मूल नववीत गेले की त्याचे मैदान बंद होते आणि संध्याकाळ शिकवणीच्या वर्गास दिली जाते. दुसऱ्या घरी दहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर क्रिकेटचे अवजड दप्तर चढवून त्यास पहाटेच्या लोकलने दादर-माटुंग्याकडे पाठविले जाते, आणि शाळेचा अभ्यास मागाहून पाहू, असे म्हटले जाते. ही दोन घरे परस्परांहून फार भिन्न दिसतात. परंतु आमच्या मते दोहोंचा हिशेब एकाच ठिकाणी चुकतो. खेळापासून मिळणारे शिक्षण कोणीच जमेस धरीत नाही.

हे आमचे मत नुसत्या उपदेशाने सांगण्यापेक्षा एका प्रसिद्ध गृहस्थाच्या कारकिर्दीच्या आधारे मांडावे, असे आम्हांस वाटते. खेळाडू, प्रशिक्षक आणि ध्वनिक्षेपकापुढे बसून खेळाचे वर्णन करणारा समालोचक, अशी तिन्ही कामे ज्याने केली, अशा मनुष्याचे चरित्र आमच्या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पाडते.

अमेरिकेत अशी माणसे बास्केटबॉलच्या क्षेत्रात विशेष आढळतात. हा खेळ ख्रिस्ती शाळांना परका नाही. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणसंस्थेत, जेम्स नेस्मिथ या ईश्वरविद्येचा अभ्यास केलेल्या शिक्षकाने तो निर्माण केला. हिवाळ्यात मुलांना घरात कोंडून राहावे लागे. त्यांच्यासाठी दोन बाजूंस पीच फळांच्या टोपल्या टांगून त्याने हा खेळ रचिला. त्याच असोसिएशनने १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढिले. अमेरिकेतील मिलवॉकी शहरी मार्क्वेट नावाचे येशूसंघीय पाद्र्यांचे विद्यापीठ आहे. तेथे ॲल मॅग्वायर हे १९६४ पासून १९७७ पर्यंत बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. १९७७ च्या मार्च महिन्यात त्यांच्या संघाने महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि त्याच सामन्यानंतर त्यांनी प्रशिक्षकाचे काम सोडिले. पुढे अनेक वर्षे दूरचित्रवाणीवरून त्या खेळाचे मर्म सांगणारे म्हणून ते घरोघर परिचित झाले. महाविद्यालयाच्या बारा-पंधरा मुलांना जे सांगावयाचे, तेच त्यांनी देशास सांगितले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आपल्याकडे बास्केटबॉलचे ते स्थान क्रिकेटने घेतले आहे. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस ओळखीचे उदाहरण घ्यावयाचे तर श्री. रवी शास्त्री यांचे घ्यावे लागेल. त्यांचा जन्म २७ मे १९६२ रोजी मुंबईस झाला. माटुंग्याच्या डॉन बॉस्को या मिशनरी शाळेत ते शिकले. १९७७ साली त्यांच्या नेतृत्वाखाली त्या शाळेने गाइल्स ढाल प्रथमच जिंकिली. पुढे माटुंग्याच्याच पोदार महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९८१ च्या फेब्रुवारीत, वय अवघे अठरा असता, दिलीप दोशी यांच्या दुखापतीमुळे त्यांस तातडीने न्यूझीलंडला बोलाविण्यात आले आणि वेलिंग्टन येथे त्यांनी पहिला कसोटी सामना खेळिला. त्या सामन्यात त्यांस फलंदाजीस दहाव्या क्रमांकावर पाठविले होते. दोन वर्षांच्या आत तेच शास्त्री भारताच्या डावाची सुरुवात करावयास उतरू लागले. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर ते खेळले, आणि ८० कसोटी सामन्यांत ३८३० धावा व १५१ बळी अशी त्यांची कमाई झाली.

दहाव्या क्रमांकाच्या खेळाडूने पहिल्या क्रमांकावर जावे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. शास्त्री यांच्या काळी त्यांच्याहून देखणी फलंदाजी करणारे पुष्कळ होते. त्यांची फलंदाजी संथ आहे, अशी तक्रार प्रेक्षक वारंवार करीत. परंतु आपल्या ठायी काय आहे व काय नाही, हे ओळखून, असलेल्या गुणांची मशागत करण्याची वृत्ती त्यांच्या ठायी होती. आमच्या वर्गांतून दहाव्या क्रमांकावर बसलेली मुले दरवर्षी असतात. त्यांस व त्यांच्या पालकांस या एका गोष्टीवरून धीर यावा.

गुडघ्याच्या दुखण्याने त्यांची खेळण्याची कारकीर्द लवकर आटोपली. शेवटचा कसोटी सामना त्यांनी १९९२ च्या डिसेंबरात खेळिला. तेव्हा वय होते तीस. १९९३-९४ च्या हंगामात मुंबईच्या संघाचे नायक होऊन त्यांनी रणजी करंडक मिळवून दिला आणि १९९४ साली खेळातून निवृत्ती पत्करिली. ज्या वयात इतर व्यवसायांतील माणूस कोठे स्थिरस्थावर होऊ लागतो, त्या वयात खेळाडूचे पहिले आयुष्य संपते. मुलाच्या पाठीवर क्रिकेटचे दप्तर चढविणाऱ्या पालकांनी हा विचार केला पाहिजे. खेळाडू यशस्वी झाला तरी तिशी-पस्तिशीत त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतोच, की आता पुढे काय? त्या वेळी मनगटाचे बळ कामास येत नाही. वाचलेले, ऐकलेले, विचार केलेले आणि नीट बोलावयास शिकलेले जे काही असेल, तेच कामास येते.

शास्त्री यांनी १९९५ साली समालोचनास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत त्यांचा आवाज क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येक घरी पोहोचला. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. १० जानेवारी १९८५ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर, बडोद्याविरुद्धच्या सामन्यात, त्यांनी एका षटकाच्या सहाही चेंडूंवर सहा षटकार मारिले होते. पुढे १९ सप्टेंबर २००७ रोजी दरबान येथे युवराज सिंग यांनी तोच पराक्रम केला, तेव्हा त्याचे वर्णन जगास ऐकविण्याचे काम शास्त्री यांच्याकडेच होते. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनी यांनी विजयाचा षटकार मारिला, तेव्हाही ध्वनिक्षेपकावर तेच होते. जे आपण स्वतः केले, तेच दुसऱ्याने केलेले पाहून, त्याचा हेवा न करिता मोकळ्या मनाने आनंदाने सांगता येणे, ही शीलाची परीक्षा होय. विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गमित्राचा निबंध आपल्याहून चांगला आला असता ही परीक्षा स्वतःस लावून पाहावी.

तथापि या कारकिर्दीतील आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग याच्या पुढचा आहे. समालोचकाचे आसन सुखाचे असते. तेथे बसून दुसऱ्याच्या चुका दाखविता येतात आणि स्वतःच्या हातून सामना हरला जात नाही. २००७ साली बांगलादेशाच्या दौऱ्यापुरते भारतीय संघाचे व्यवस्थापन शास्त्री यांनी पाहिले. २०१४ पासून २०१६ पर्यंत ते संघाचे संचालक होते. आणि २०१७ साली मुख्य प्रशिक्षक होऊन २०२१ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळिले. म्हणजे ज्या कामावर ते वर्षानुवर्षे टीका करीत आले, तेच काम त्यांनी आपल्या अंगावर घेतले आणि आता टीका ऐकण्याची पाळी त्यांच्यावर आली.

त्या काळाचा हिशेब निर्भेळ यशाचा नाही. २०१९ साली मँचेस्टर येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडने भारतास हरविले. २०२१ साली कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातही न्यूझीलंडच श्रेष्ठ ठरला, आणि त्याच वर्षीच्या वीस षटकांच्या विश्वचषकात भारत उपांत्य फेरीपर्यंतही पोहोचला नाही. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भारताचा संघ ऑस्ट्रेलियात प्रथम गेला तो १९४७-४८ साली. तेव्हापासून सात दशके तेथे कसोटी मालिका जिंकता आली नव्हती. ती २०१८-१९ साली जिंकिली. पुढच्या दौऱ्यात, १९ डिसेंबर २०२० रोजी, ॲडलेड येथे सारा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. भारताच्या कसोटी इतिहासातील ती सर्वांत नीचांकी धावसंख्या होय. त्यानंतर संघनायक विराट कोहली घरी परतले, एकामागून एक गडी जायबंदी झाले. आणि तरीही बरोबर एक महिन्याने, १९ जानेवारी २०२१ रोजी, ब्रिस्बेनच्या ज्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरला नव्हता, तेथे ३२८ धावांचे लक्ष्य गाठून भारताने सामना व मालिका जिंकिली. खेळले ते तरुण खेळाडू. श्रेय प्रथम त्यांचे. परंतु छत्तीस धावांनंतरच्या त्या महिन्यात मुलांची मने खचू न देणे, हे गुरूचे काम होते. चाचणी परीक्षेत छत्तीस गुण मिळविलेल्या मुलाशी घरी त्या संध्याकाळी काय बोलले जाते, याचा पालकांनी शांतपणे विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

२०२२ साली शास्त्री पुन्हा समालोचनाकडे वळले. टीकाकार होता तो कर्ता झाला, आणि कर्तेपण भोगून पुन्हा टीकाकार झाला. अशा मनुष्याच्या शब्दाला जे वजन येते, ते केवळ आवाजाच्या भारदस्तपणाने येत नाही.

आता कोणी म्हणेल, ‘हे सर्व खरे, पण शास्त्री कोट्यवधींत एक. बदलापूरहून उभ्याने मुंबईस जाऊन येणाऱ्या कारकुनाने अशा उदाहरणावर भिस्त ठेवून मुलास मैदानावर सोडावे काय?’ हा आक्षेप वाजवी आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. चार तास प्रवासात घालवून जो पिता मुलाची फी भरतो, त्यास निश्चितीची इच्छा असणे स्वाभाविक आहे. म्हणूनच आम्ही स्पष्ट सांगतो की, खेळाचा व्यवसाय करण्याच्या आशेने मुलास खेळू द्या, असे आमचे म्हणणे नाही. दहावीच्या परीक्षेत खेळाबद्दल सवलतीचे गुण मिळतात, त्यासाठी खेळू द्या, असेही आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, प्रशिक्षकास व समालोचकास जे गुण लागतात, ते प्रत्येक धंद्यात लागतात. आणि ते मिळविण्याचे मैदानाइतके स्वस्त ठिकाण दुसरे नाही.

ते गुण कोणते? पहिला, नीट पाहणे. चेंडू कोणीही पाहतो. चेंडू पडण्यापूर्वी क्षेत्ररक्षक कोठून कोठे सरकला, हे पाहणारा विरळा. ज्याची नजर अशी तयार झाली, तो पुढे कारखान्यात यंत्रावर उभा राहो की रुग्णालयात रुग्णाच्या उशाशी, त्याच्या हातून चूक कमी होईल. दुसरा, निकाल आपल्या इच्छेविरुद्ध लागला तरी तो मान्य करणे. पंचाने बाद म्हटले की बाहेर जावे लागते. हा धडा पुस्तकातून येत नाही. तिसरा, जे पाहिले ते जसेच्या तसे, योग्य शब्दांत, योग्य क्षणी सांगणे. हा तिसरा गुण आमच्या मुलांत फार कमी आढळतो. उत्तर ठाऊक असते; पण उभे राहून चार वाक्ये सलग बोलण्याची वेळ आली की जीभ जड होते.

आणि हाच गुण एकदा आला तर दुसरे आयुष्य उभे करिता येते. उल्हासनगरच्या घरांना हे सांगावयास नको. १९४७ नंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांस कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, आणि १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव पडले. घर, जमीन, पेढी सर्व मागे राहिली होती. बरोबर आली ती हिशेबाची बुद्धी, माणसे जोडण्याची वाणी आणि चिकाटी. तेवढ्यावर त्यांनी बराकींतून बाजार उभा केला. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आजे-पणजे त्या पिढीचे. जे हिरावून घेता येत नाही तेच मुलास द्यावे, हा त्यांच्या चरित्राचा अर्थ आहे, आणि खेळाविषयी आम्ही जे म्हणतो त्याचाही अर्थ तोच आहे.

येथे मराठी भाषेविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. समालोचन हे इंग्रजीतच शोभते, असा पुष्कळांचा समज असतो. पुण्याचे बाळ ज. पंडित हे महाराष्ट्राच्या संघाकडून रणजी सामने खेळले आणि पुढे आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते वर्णन करून त्यांनी तो समज खोटा ठरविला. २०१५ साली त्यांचे निधन झाले. वि. वि. करमरकर यांनी वृत्तपत्राच्या पानावर व आकाशवाणीवर हेच कार्य केले. ते २०२३ साली निवर्तले. चौकार, षटकार, यष्टिरक्षक, पायचीत, धावचीत, त्रिफळा हे शब्द आज शेतावरच्या मुलाच्याही तोंडी आहेत, ते आकाशवाणी व वृत्तपत्रे यांच्या कृपेने. रेडिओवर चित्र नसे. मैदान केवढे, वारा कसा, गोलंदाज किती पावले धावत आला, हे सारे शब्दांनी उभे करावे लागे. ऐकणाऱ्या आंधळ्या मनुष्यासही सामना दिसावा, अशी ती कसोटी होती. भाषेच्या शिक्षकास याहून चांगला निबंधाचा विषय कोठे सापडणार?

परंतु वाणी जितकी समर्थ, तितकी तिच्यात धोक्याची जागाही मोठी. जो सामने भरवितो किंवा दाखवितो, तोच पुष्कळदा समालोचकास वेतन देतो. तेव्हा धन्याला रुचेल तेवढेच बोलावे, असा मोह सुटतो. श्रोत्यांस खूष ठेवण्यासाठी साध्या फटक्यास अद्भुत म्हणावे, आपल्या संघाचा दोष झाकावा आणि परक्याच्या गुणाविषयी मौन धरावे, हाही मोहच. दहा आज्ञांमध्ये खोट्या साक्षीविषयी जी आज्ञा आहे, ती न्यायालयापुरती नाही. जो पाहतो आणि पाहिलेले इतरांस सांगतो, तो प्रत्येक जण साक्षीदारच होय. आजकाल प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती दूरध्वनियंत्र आहे आणि प्रत्येक जण आपल्यापरीने समालोचक झाला आहे. म्हणून ही गोष्ट आम्हांस आज अधिकच अगत्याची वाटते. मैदानावर न उतरता खेळाडूंची निंदा करणे फार सोपे असते. ज्याने स्वतः एकदा झेल सोडिला आहे, तो दुसऱ्याच्या सुटलेल्या झेलाविषयी बोलताना जपून बोलतो. मुलांनी खेळावे, याचे हेही एक कारण आहे.

पौल प्रेषिताने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला दिला आहे. तो ज्यांस लिहीत होता, ते लोक इस्थमसच्या क्रीडोत्सवाच्या शेजारी राहणारे. मैदानाची भाषा त्यांस समजे. त्याने तो दाखला आत्मसंयमन शिकविण्यासाठी वापरिला. ख्रिस्ती शाळांनी खेळास शिक्षणाचे अंग मानिले, ते याच दृष्टीने. आमच्या वर्गांत हिंदू, शीख, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशी सर्व घरांची मुले एका बाकावर बसतात. आत्मसंयमनाची गरज यांपैकी कोणास नाही?

तेव्हा आमच्या सूचना थोडक्यात अशा आहेत. दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणित वा शास्त्र यांच्या नावे कोणी मागू नये, आणि मागितल्यास शाळेने देऊ नये. मुलींच्या सामन्यांस मुलांच्या सामन्यांइतकाच वेळ व मैदान मिळावे. घरी मुलीस संध्याकाळचे काम आणि मुलास चेंडू, ही वाटणी पालकांनी मोडावी. वर्गावर्गांतील सामन्यांच्या वेळी विद्यार्थ्यांनीच ध्वनिक्षेपकावर आळीपाळीने मराठीतून धावते वर्णन करावे. ज्यांच्या घरी सिंधी वा हिंदी बोलली जाते, त्या मुलांस ही संधी आधी द्यावी. व्याकरणाच्या तासास जो लाजतो, तो षटकार पाहून बोलल्यावाचून राहणार नाही. त्या वर्णनास नियम तीन असावेत. जे घडले तेच सांगावे. हरणाऱ्याची टवाळी करू नये. आणि प्रतिपक्षाच्या चांगल्या खेळाची स्तुती आपल्या पक्षाइतकीच मोठ्याने करावी. शेवटची सूचना वडीलधाऱ्यांस आहे. आपल्या गावांतील मोकळ्या जागा इमारतींनी वेगाने व्यापिल्या जात आहेत. मुलांसाठी एक मैदान राखून ठेवावे म्हणून नगरपालिकेकडे व महानगरपालिकेकडे आपण मिळून अर्ज केले, तर ते व्यर्थ जाणार नाहीत.

आमच्या विद्यार्थ्यांतून एखादा प्रसिद्ध खेळाडू, प्रशिक्षक वा समालोचक निघाला तर शाळेस अभिमान वाटेल, यात शंका नाही. परंतु त्यासाठी आम्ही वाट पाहत बसलेलो नाही. अंबरनाथच्या कारखान्यात काम करणारा, उल्हासनगरच्या पेढीवर बसणारा, बदलापूरच्या शाळेत शिकविणारा आमचा माजी विद्यार्थी जर पाहिलेले खरे सांगत असेल, हरल्यावर पुन्हा उभा राहत असेल आणि दुसऱ्याच्या यशाचे वर्णन प्रसन्न मुखाने करीत असेल, तर आमच्या खेळाच्या तासाचे चीज झाले, असे आम्ही समजू.